हात मोकळे राहावेत म्हणून

स्टेशनच्या जिन्यावर पाहिलेला तो प्रसंग तसा अगदी साधा होता, पण तो बरेच दिवस मनातून जाईना. माझ्या काही पायऱ्या पुढे एक तरुण बाप आपल्या लहान मुलीला घेऊन चढत होता. त्याच्या उजव्या खांद्यावर एक लांबट, गोलसर डफल बॅग लटकत होती आणि डावा हात मुलीच्या हातात होता. मुलीच्या मानाने पायरी उंच होती, त्यामुळे प्रत्येक पायरीला त्याला थोडे वाकावे लागे, आणि तो वाकला की बॅगेचा पट्टा खांद्यावरून ओघळून कोपरापर्यंत येई. मग तो मुलीचा हात सोडून पट्टा वर ओढून घेई आणि पुन्हा हात पुढे करी. तेवढ्या वेळात ती पोर कठड्याला धरून निमूटपणे उभी राही. मला खटकले ते वेगळेच होते. बॅगेच्या एका अंगाला एक चपटा कप्पा होता, त्याची चेन अर्धवट उघडी होती आणि तिच्यातून पाठीवर अडकवायच्या पट्ट्यांची जाड, शिवलेली टोके बाहेर आलेली होती. म्हणजे ती बॅग सॅकप्रमाणे पाठीवर घेता येण्यासारखी होती. जिन्याच्या मधल्या टप्प्यावर तो थांबला, त्याने बॅग खाली ठेवली, त्या कप्प्याकडे एकदा पाहिले, आणि खालून गाडीची घोषणा ऐकू येताच ती पुन्हा उचलून त्याच खांद्यावर टाकली.

मी तेव्हा स्वतःसाठी नेमकी अशीच बॅग शोधत होते. हातात धरता येईल, वेळ पडली तर पाठीवर घेता येईल, आडवी उघडली की आतले सगळे एका नजरेत दिसेल आणि विमानात वरच्या खणात मावेल, एवढ्या माझ्या अपेक्षा होत्या. बॅगांची वर्णने वाचताना प्रत्येक बॅग या अपेक्षा पुऱ्या करते असेच वाटत होते. पट्टे आहेत की नाहीत, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर तिथे मिळते, आणि ते बहुतेक वेळा होकारार्थी असते. जिन्यावरच्या त्या माणसाच्या बॅगेलाही पट्टे होतेच. ते बाहेर काढायचे तर बॅग खाली ठेवायची, कप्पा पूर्ण उघडायचा, दोन्ही पट्टे ओढून काढायचे, त्यांचे आकडे खालच्या कड्यांत अडकवायचे, लांबी जुळवायची, आणि हे सगळे एका हाताने करायचे, कारण दुसरा हात मुलीसाठी हवा. त्या दिवसापासून माझ्या मनातला प्रश्न बदलला. पट्टे आहेत का, हे विचारणे मी सोडून दिले. माणूस घाईत, गर्दीत, एक हात अडकलेला असताना ते वापरील का, हे मी पाहू लागले.

एका खांद्यावरचे ओझे मला चांगले ठाऊक आहे. माझी आधीची बॅग एकाच लांब पट्ट्याची होती आणि ती मी वर्षानुवर्षे डाव्या खांद्यावर वागवली. एका बाजूला वजन आले की शरीर आपोआप विरुद्ध बाजूला कलते, पट्टा निसटू नये म्हणून तो खांदा किंचित उचललेला राहतो आणि मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंत पसरलेला स्नायू सतत ताणलेला राहतो. मुक्कामी पोहोचल्यावर बॅग खाली ठेवली तरी खांदा काही वेळ खाली येत नसे. पट्टा छातीवरून तिरपा घेतला तर घसरणे थांबते, पण मग प्रत्येक पावलाला बॅग मांडीवर आपटत राहते आणि चाल बिघडते. हातात धरावी तर बोटांची पेरे पांढरी पडतात, दर थोड्या अंतराने हात बदलावा लागतो, आणि तो बदलताना माणूस थांबतो. १९७१ साली एस. आर. दत्ता आणि एन. एल. रामनाथन या संशोधकांनी ओझे वाहण्याच्या सात पद्धतींची तुलना प्रसिद्ध केली होती. तीस किलोचे तेच ओझे सपाट जमिनीवर वेगवेगळ्या तऱ्हेने वाहून नेताना शरीराची किती शक्ती खर्च होते, हे त्यांनी मोजले. निम्मे ओझे पुढे आणि निम्मे मागे अशी विभागणी सर्वांत कमी खर्चाची ठरली, डोक्यावरचे ओझे तिच्या अगदी जवळ होते, पाठीवरची सॅक तिसरी आली, आणि दोन्ही हातांत धरून नेणे सर्वांत महाग पडले. पहिल्या पद्धतीपेक्षा सुमारे ४४ टक्क्यांनी जास्त. माझ्या बॅगेत तीस किलो कधीच नसतात. तरीही ते निष्कर्ष वाचताना माझ्या डाव्या खांद्याला कोणीतरी दुजोरा दिला असे मला वाटले.

चाकांची बॅग का घेत नाही, असे मला अनेकांनी विचारले. तो प्रश्न रास्त आहे. सामानाच्या पेटीला चाके लावण्याचे पेटंट बर्नार्ड सॅडो यांना १९७२ मध्ये मिळाले आणि उभ्या पेटीला दोन चाके व वर ओढून घ्यायचा दांडा ही रचना रॉबर्ट प्लॅथ या वैमानिकाने १९८७ च्या सुमारास आणली. गुळगुळीत फरशीवर त्या रचनेला तोड नाही, आणि ज्यांची पाठ किंवा गुडघे दुखतात त्यांनी दुसरा विचारही करू नये. पण माझ्या प्रवासात फरशी संपते आणि जिना लागतो, रस्ता उखडलेला असतो, नाव किनाऱ्यापासून जरा लांब थांबते, किंवा बसच्या टपावर सामान चढवावे लागते. अशा जागी चाके, दांडा आणि कठीण कवच हे सगळे उचलण्याचे जादा वजन होऊन बसते. विमानात सोबत नेण्याच्या आकाराची चाकांची पेटी रिकामी असतानाच साधारण अडीच ते साडेतीन किलोंची असते. अनेक विमान कंपन्या सोबतच्या सामानाला सात किलोंची मर्यादा घालतात. त्या सातांपैकी तीन किलो पेटीनेच खाल्ले तर आपल्या वस्तूंना उरते काय? साधारण चाळीस लिटरची डफल बॅग एक ते सव्वा किलोत बसते. हा फरक हिशेबाच्या वहीतला नाही. तो दोन जोडी कपडे, एक जाड पुस्तक आणि पावसाचे जाकीट यांचा आहे.

मग सरळ सॅकच का घेऊ नये, हा दुसरा प्रश्न. याचे उत्तर देताना मात्र माझे मन दोन्हीकडे ओढले जाते, कारण डोंगरात वापरायच्या चांगल्या सॅकबद्दल मला मनापासून आदर आहे. १९५० च्या दशकाच्या आरंभी डिक केल्टी यांनी ॲल्युमिनियमची चौकट आणि कमरपट्टा असलेल्या सॅक बनवून विकायला घेतल्या, आणि तेव्हापासून ओझे खांद्यांवरून कमरेच्या हाडांवर उतरवणे हे या सगळ्या शास्त्राचे मर्म होऊन बसले. सॅकमध्ये पाठीशी एक ताठ चौकट असते, ती वजन खाली कमरपट्ट्यापर्यंत पोहोचवते, आणि खांद्यांवरचे पट्टे मुख्यतः सॅक मागे कलंडू नये म्हणून धरून ठेवतात. म्हणूनच चांगली सॅक घेताना मानेच्या मुळाशी हाताला लागणाऱ्या मणक्यापासून कमरेच्या हाडांच्या रेषेपर्यंत पाठीची लांबी मोजतात. उंच माणसाची पाठ आखूड आणि बुटक्या माणसाची लांब असू शकते. ही सगळी शहाणीव डफल बॅगेत नसते. तिला चौकट नसते, कमरपट्टा बहुधा नसतो, आणि असला तर तो नुसता पट्टा असतो. वजन पोहोचवणारे मधले काही नसल्याने तो बॅग हलू देत नाही एवढेच. पाठीवर घेता येणारी डफल बॅग ही आधी डफल बॅग असते आणि पाठीवर घेणे ही तिला दिलेली सवलत असते, हे मनाशी पक्के केल्याशिवाय निवड नीट होत नाही.

पण वरून भरायची सॅक ही रोजच्या वापरात फार छळते. हवी असलेली वस्तू नेहमी तळाशीच असते. पहाटे इतरांची झोप मोडू नये म्हणून दिवा न लावता त्या उभ्या, अंधाऱ्या नळीत कोपरापर्यंत हात घालून मोजे शोधण्याचा अनुभव ज्याने घेतला आहे, त्याला डफल बॅगेचे तोंड पाहून हायसे वाटते. इंग्रजी यू अक्षराच्या आकारात तीन बाजूंनी चेन फिरते, वरचा भाग झाकणाप्रमाणे मागे पडतो आणि आतले सगळे समोर येते. रात्री बॅग पलंगाखाली सरकवावी, झाकण उघडे टाकावे, आणि मुक्काम असेपर्यंत तिचाच खण म्हणून वापर करावा. या उघडेपणासाठी मी कमरपट्ट्यावर पाणी सोडायला तयार झाले. मात्र ती सवलत खरी असावी, नावापुरती नसावी, एवढाच माझा आग्रह होता.

इथून खरे शोधणे सुरू झाले.

पहिली गोष्ट लक्षात आली ती पट्ट्यांच्या जागेची, आणि तिच्याबद्दल मला जरा विस्ताराने लिहायचे आहे, कारण चित्रांत ती दिसत नाही. डफल बॅगेला दोन मोठे पृष्ठभाग असतात. एकावर उघडण्याचे झाकण असते, दुसरा तळ असतो. पाठीवर घ्यायचे पट्टे या दोहोंपैकी एकावरच बसवता येतात. ते झाकणाच्या बाजूला बसवले तर झाकण पाठीला टेकते. चालताना मागून कोणी चेन उघडू शकत नाही आणि पाठीला लागणारी बाजू स्वच्छ राहते. पण मुक्कामी बॅग उघडायची म्हटले की पट्टे झाकणावर आडवे आलेले असतात आणि ते बाजूला केल्याखेरीज चेन फिरत नाही. पट्टे तळाच्या बाजूला बसवले तर झाकण मोकळे राहते, उघडणे सोपे होते, पण जो तळ ओल्या फलाटावर, बसच्या टपावर, चिखलाच्या कडेला टेकलेला असतो, तोच उचलून आपल्या सदऱ्याला चिकटवायचा असतो. शिवाय झाकण मागच्या माणसाच्या समोर येते. दोन्ही बाजू सारख्याच सोयीच्या करणारी रचना मला कुठे आढळली नाही. मी झाकणाच्या बाजूचे पट्टे पसंत केले. त्यांतही ज्यांचे खालचे टोक एका आकड्याने सुटते असे. म्हणजे उघडताना दोन आकडे सोडले की पट्टे वर उलटतात आणि झाकण मोकळे होते. कप्प्यात लपवायचे पट्टे मी पहिल्याच फेरीत बाद केले. जो पट्टा कायम बाहेर असतो तोच वापरला जातो, हे मला जिन्याने दाखवले होते.

दुसरी गोष्ट पट्ट्यांमधल्या अंतराची. सॅकचे पट्टे वर मानेच्या जवळ जवळ सुरू होतात आणि खांद्याच्या वळणाबरोबर खाली येतात. कित्येक डफल बॅगांत मात्र ते बॅगेच्या दोन कोपऱ्यांजवळ शिवलेले असतात, कारण शिवायला ती जागा सोयीची. मग बॅग रुंद आणि खांदे अरुंद असले की दोन्ही पट्टे खांद्यांच्या टोकांकडे ओघळतात, आणि ते सावरण्यासाठी माणूस दोन्ही अंगठे पट्ट्यांत अडकवून चालतो. हात मोकळे करण्यासाठी घेतलेल्या बॅगेने हातच गुंतवून ठेवावेत, याला काय म्हणावे? छातीवरून जाणारा एक लहानसा आडवा पट्टा हे ओघळणे बरेचसे थांबवतो. त्याचे वजन जेमतेम काही ग्रॅम असते, तरी चांगल्या चांगल्या बॅगांमध्ये तो नसतो, आणि नंतर बसवायला पट्ट्यावर फासाही ठेवलेला नसतो. ही कसर मला अनाकलनीय वाटते. ज्याने ती बॅग आखली त्याने ती भरून जिना चढला असता, तर तो पट्टा विसरला नसता.

पट्ट्याचा आकार आणि आतला फोम हे हाताने दाबून पाहण्यासारखे असते. सरळ कापलेला पट्टा काखेत रुततो. किंचित वळण दिलेला पट्टा छातीच्या बाजूने जातो. अंगठ्याने दाबल्यावर फोम पार बसला आणि पलीकडचे बोट जाणवले, तर वजन आल्यावर तो पहिल्या काही मिनिटांतच चपटा होणार हे उघड आहे. जरा कडक, दाबल्यावर सावकाश वर येणारा फोम बरा. तो पहिल्यांदा तितका सुखद वाटत नाही, आणि म्हणूनच रिकामी बॅग पाठीवर टाकून आरशात पाहिले तर आपण हमखास मऊ पट्ट्यांची बॅग निवडतो. मी प्रत्येक ठिकाणी बॅगेत वजन भरून मागितले; मिळेल ते, पुस्तके, पाण्याच्या बाटल्या, इतर बॅगा. आठ-नऊ किलो भरून निवांत दहा मिनिटे हिंडल्याशिवाय पाठ खरे बोलत नाही. पहिल्या दोन मिनिटांत सगळ्याच बॅगा चांगल्या असतात. पाचव्या मिनिटाला बॅगेचा तळ कमरेच्या खाली लोंबू लागला आहे का, वरचे टोक डोक्याला लागते आहे का, बॅग मागे ओढते आहे का, हे कळू लागते. लांबीचा मुद्दा तिथेच उमगतो. सत्तर सेंटिमीटर लांबीची बॅग हातात देखणी दिसते, पण पाठीवर उभी केली की एकतर ती मानेच्या वर जाते, नाहीतर बसण्याच्या जागेवर आपटते. पंचावन्नच्या आसपासची लांबी बहुतेक पाठींना झेपते.

योगायोगाने विमानातल्या सोबतच्या सामानाची मर्यादाही तिथेच येऊन थांबते. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटना, म्हणजे आयाटा, मार्गदर्शक म्हणून ५६ × ४५ × २५ सेंटिमीटर ही कमाल मापे सांगते, आणि प्रत्यक्षात बऱ्याच कंपन्या त्याहून लहान मापांवर अडून बसतात. ५५ × ३५ × २० असा हिशेब धरला तर साडेअडतीस लिटर होतात; चाळीस लिटरच्या बॅगांचा एवढा सुकाळ का, याचे कारण या गुणाकारात आहे. मऊ बॅगेला एक फायदा असा की ती गच्च भरली नसेल तर मापाच्या चौकटीत दाबून बसवता येते. नामांकित बॅगा चाळीसपासून शंभर लिटर आणि त्याहून पुढेही मिळतात. पॅटागोनियाची ब्लॅक होल डफल ४०, ५५, ७० आणि १०० लिटरची आली आहे, आणि नॉर्थ फेसची बेस कॅम्प तर मोहिमांचे सामान याकच्या पाठीवर लादण्याच्या परंपरेतली आहे. या सगळ्यांना पाठीवर घ्यायचे पट्टे असतात. तरीही माझे मत असे झाले आहे की पन्नास लिटरच्या वर गेले की ते पट्टे गाडीपासून दारापर्यंत नेण्यापुरते समजावेत. जागा असली की माणूस ती भरतो, सत्तर लिटरमध्ये पंधरा किलो सहज जातात, आणि चौकटीशिवाय, कमरेच्या आधाराशिवाय पंधरा किलो खांद्यांवर घेऊन कोणीही आनंदाने फार लांब चालत नाही.

कापडाबद्दल फार बोलले जाते, मी थोडक्यात बोलेन. डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन. आकडा मोठा तितका धागा जाड. पण नायलॉन आहे की पॉलिएस्टर, वीण कशी आहे आणि वर लेप कसला आहे, हे कळल्याशिवाय नुसत्या आकड्याला अर्थ नाही. त्याच जाडीचे नायलॉन सहसा घासण्याला अधिक टिकते, तर पॉलिएस्टर उन्हात लवकर कमजोर होत नाही आणि पाणी कमी पिते. वरून चकचकीत, ताडपत्रीच्या जातीचे कापड पावसात निर्धास्त वाटते खरे, मात्र पाणी कापडातून शिरत नसले तरी शिवणीतून आणि चेनेतून शिरते, तेव्हा कागदपत्रे आत वेगळ्या पिशवीतच हवीत. लेपाबद्दल एक गोष्ट मात्र मनात घर करून आहे. घरातल्या माळ्यावरून एकदा जुनी बॅग काढली, तर बाहेरून ती नव्यासारखी दिसत होती, पण आत हात घातला आणि तळव्याला चिकट पापुद्रे लागले. आंबूस, उग्र वास आला. पॉलियुरेथेनचा लेप दमट हवेत हळूहळू विघटन पावतो. आधी चिकट होतो आणि मग सोलून निघतो. ती बॅग माझ्या वडिलांची होती, त्यांनी ती फार कमी वापरली होती, जपून ठेवली होती. वापरून झिजली असती तर मला इतके वाईट वाटले नसते. आता बॅग कोरडी करून, घडी न घालता, हवा लागेल अशी टांगून ठेवावी आणि मुख्य म्हणजे वापरावी, असे मी ठरवले आहे.

चेन पाहताना तिचा क्रमांक पाहावा. पाच, आठ, दहा असे ते क्रमांक असतात आणि बंद दातांच्या रुंदीशी, मिलिमीटरमध्ये, त्यांचा साधारण मेळ असतो. मुख्य झाकणाला आठ किंवा दहा हवी. पाच क्रमांकाची चेन आतल्या कप्प्यांना ठीक. वेटोळ्यांची नायलॉन चेन वळणावर चांगली फिरते, आणि झाकण तर वळणांवरूनच उघडायचे असते. मग पट्टा जिथे बॅगेला जोडला आहे तिथली शिवण. आखूड, दाट, एकावर एक घातलेल्या आडव्या टाक्यांची पट्टी दिसली आणि चौकोनात फुली मारून शिवलेले दिसले, तर शिवणाऱ्याने तिथे येणारा भार ओळखला आहे असे समजावे. मी आतल्या बाजूने बोट फिरवून पाहत असे. बाहेरून नीटस दिसणारी शिवण आत कापडाच्या अगदी काठावर आलेली असते, आणि तिथूनच पुढे धागे निसटू लागतात.

बॅग निवडली म्हणजे काम संपले असे नाही, कारण डफल बॅग हातात आडवी असते आणि पाठीवर उभी. आडवी भरताना सगळे छान मांडलेले असते. उभी केली की जुन्या उशीतल्या कापसाप्रमाणे सगळे एका टोकाला गोळा होते आणि पाठीच्या वरच्या भागाशी रिकामे कापड फडफडत राहते. म्हणून भरण्याआधीच खालचे टोक कोणते होणार, हे ठरवून घ्यावे लागते. तिथे हलके आणि मऊ, म्हणजे गुंडाळलेले कपडे. जड वस्तू मध्यभागी, पाठीला लागणाऱ्या पृष्ठभागाच्या जवळ. बूट दुसऱ्या टोकाला पण बाहेरच्या बाजूला. जड वस्तू पाठीपासून लांब गेली की बॅग मागे ओढते आणि तिला तोलण्यासाठी माणूस पुढे वाकून चालतो. कपड्यांच्या चेनवाल्या लहान पिशव्या आधी मला अनावश्यक वाटत असत. आता वाटते की चौकट नसलेल्या बॅगेची चौकट त्याच होतात. घट्ट भरलेल्या तीन पिशव्या शेजारी शेजारी बसल्या की बॅग आकार धरते आणि पाठीला टोचत नाही. बाहेरून आवळायचे पट्टे असतील तर ते शेवटी ओढून घ्यावेत. पुष्कळजण ते सैल सोडतात, आणि मग बॅग चालीबरोबर डोलत राहते.

पाठीवरच्या बॅगेचे सगळेच गोड नाही. गर्दीच्या डब्यात ती मागच्याच्या छातीत घुसते, आपल्याला कळतही नाही. तिथे ती उतरवून हातात किंवा पायाशी घ्यावी, आणि बाजूची हँडले त्यासाठीच असतात. उन्हात पाठ भिजते, कारण या बॅगांना पाठीशी हवा खेळायला जागा नसते. उतरवताना आणि चढवताना खांद्यांची जी हालचाल करावी लागते ती माझ्या आईला आता जमत नाही, तिच्यासाठी मी चाकांचीच बॅग सुचवते. आणि एका खांद्यावरच्या बॅगेत एक सहजता होती, ती मला अजून आठवते. चालता चालता ती पुढे ओढून, न थांबता, तिकीट किंवा पुस्तक काढता येत असे. पाठीवरची बॅग असा सहज संवाद करू देत नाही. तिला काही विचारायचे तर थांबावे लागते, ती उतरवावी लागते. त्या बदल्यात ती दोन हात देते. कठडा धरायला, छत्री धरायला, कोणाचे ओझे घटकाभर उचलायला, चहाचा पेला आणि तिकीट एकाच वेळी सांभाळायला. प्रवासात कोणी हात पुढे केला तर तो धरता येणे ही गोष्ट मला वाढत्या वयाबरोबर अधिकाधिक मोलाची वाटू लागली आहे, आणि बॅगेसारख्या निर्जीव वस्तूच्या निवडीत मी इतका जीव ओतला तो त्यासाठीच.

शेवटी घेतली ती चाळीस लिटरची आहे. झाकणाच्या बाजूला कायम बाहेर असणारे पट्टे, एका आकड्याने सुटणारे. मुख्य चेन दहा क्रमांकाची. दोन्ही टोकांना एकेक हँडल, जे वरच्या खणातून ती ओढून काढताना फार उपयोगी पडते. रंग मुद्दाम फिका घेतला, म्हणजे आत उजेड राहतो. छातीवरचा पट्टा तिला नव्हता, तो मी वेगळा आणून बसवला, कारण पट्ट्यांवर आडवे फासे शिवलेले होते आणि त्यांत तो अडकवता आला. सोबत आलेला लांब, एका खांद्याचा पट्टा मी काढून ठेवला आहे. तो प्रवासात न्यावा की घरी ठेवावा, याचा निर्णय अजून होत नाही. तो सोबत असला की घाईच्या वेळी हात त्याच्याकडेच जाईल, अशी मला भीती वाटते. पाठीच्या पट्ट्यांची लांबी मात्र भरलेल्या बॅगेनिशी घरातच जुळवली आणि जिथे बक्कल थांबते तिथे दोन्ही पट्ट्यांवर गडद दोऱ्याचे चार चार टाके घातले. सामान चढवताना, उतरवताना पट्टे कोणीतरी ओढतो, ते सरकतात. टाके असले की अंधारातही बोटाने चाचपून ते पुन्हा जागेवर आणता येतात.